आबांचा पक्ष

राज्यशास्त्राच्या तासाला सरांनी फर्मान काढले की, प्रत्येकाने महाराष्ट्रातल्या एका लहान पक्षाचा इतिहास लिहून आणायचा. मोठ्या पक्षांवर पुस्तके आहेत, ती उतरवून काढायला डोके लागत नाही, असे त्यांचे म्हणणे. शेतकरी कामगार पक्ष पहिल्या बाकावरच्या मैत्रिणीने पटकावला. इस्लामपूरकडच्या एका मुलाने राजू शेट्टींचा स्वाभिमानी पक्ष घेतला. उसाच्या दराचे आंदोलन म्हणजे त्याच्या घरी घरचेच कार्य. मी मागच्या बाकावर. माझ्या वाट्याला काहीच उरले नाही.

संध्याकाळी घरी येऊन मी आजीपाशी कुरकुर करीत बसले होते. आबा सोप्यात घोंगड्यावर आडवे झाले होते. मला वाटले डोळा लागला असेल. तोच तिकडून आवाज आला, "आमचाबी एक पक्ष व्हता की. त्यो लिव."

"कुठला, आबा?"

"कामगार आघाडी. डॉक्टरांचा."

आमच्या घरात नुसते 'डॉक्टर' म्हटले की ते विट्याच्या दवाखान्यातले डॉक्टर नव्हेत. लहानपणी माझी समजूत अशी होती की, आबांना कधीतरी मोठे दुखणे आले असावे आणि ह्या डॉक्टरांनी त्यांना त्यातून उठवले असावे. दुखणे आले होते हे खरे. उठवले की नाही, ह्यावर आजीचे आणि आबांचे आजवर एकमत झालेले नाही.

डॉक्टर म्हणजे दत्ता सामंत. जन्म १९३२ चा, मालवणजवळच्या देवबागचा. वैद्यकी शिकून त्यांनी घाटकोपरला दवाखाना थाटला. तिथे खाणीत दगड फोडणारे मजूर औषधाला यायचे. त्यांच्या जखमा बांधता बांधता ह्या माणसाने त्यांची युनियनच बांधली. १९७२ मध्ये ते काँग्रेसचे आमदार झाले आणि आणीबाणीत त्याच काँग्रेसच्या राजवटीत तुरुंगात गेले. सुटून आल्यावर त्यांचे नाव एवढे झाले की मुंबई-ठाण्याच्या कारखान्यांतले कामगार आपले जुने पुढारी सोडून त्यांच्या दाराशी रांगा लावू लागले. १९८१ च्या दिवाळीत बोनसवरून गिरण्यांत असंतोष पसरला, तेव्हा गिरणी कामगारही त्यांच्याकडेच गेले. १८ जानेवारी १९८२ पासून मुंबईच्या साठाच्या आसपास गिरण्या बंद पडल्या. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर आले. आमचे आबा त्यातलेच एक.

आता थोडे कायद्याचे बोलणे भाग आहे. विषय रुक्ष आहे, पण तो सोडला तर युनियनला पक्षाची गरज का पडली हेच कळणार नाही. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका भागातल्या एका धंद्यात एकच युनियन मान्यताप्राप्त धरली जाई. गिरण्यांत ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. पगार, बोनस, भत्ता, जे काही बोलायचे ते मालकाने तिच्याशीच बोलायचे. कामगार दुसऱ्या कुणाच्या मागे लोटले तरी त्या दुसऱ्याला बोलणी करायचा हक्क नाही. संपाच्या तीन मोठ्या मागण्या होत्या: पगारवाढ, बदली कामगारांना कायम करणे आणि हा कायदा रद्द करणे. पहिल्या दोन मालकाकडे मागता येतात. तिसरी मालकाच्या हातातच नाही. ती विधानसभेच्या हातात. म्हणजे गिरणीच्या फाटकावर कितीही घोषणा दिल्या तरी त्या मागणीसाठी शेवटी मतपेटीशीच जावे लागणार. कामगार आघाडी ह्या अडचणीतून निघाली, असे मला वाटते.

ही काही एकट्या मुंबईची कथा नव्हे. इंग्लंडातल्या कामगार संघटनांनी १९०० मध्ये एकत्र येऊन निवडणुकीसाठी समिती काढली, तेव्हा तिच्याकडे कुणी फारसे पाहिले नव्हते. पुढच्याच वर्षी तिथल्या न्यायालयाने एका रेल्वे युनियनला संपाची नुकसानभरपाई मालकाला द्यायला लावली. मग एकामागून एक युनियन तिकडे धावल्या आणि १९०६ मध्ये त्या समितीचा मजूर पक्ष झाला. आपल्याकडे बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. संपावर बंधने घालणाऱ्या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ ला जो एक दिवसाचा संप झाला, त्यात बाबासाहेब आणि कम्युनिस्ट एका व्यासपीठावर होते. १९४६ चा कायदा त्याच घराण्यातला. आबांना ह्यातले काहीच ठाऊक नव्हते. मी सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हंजी आमच्या आधीबी हीच दगडं फोडून झाल्याती."

आबा मुंबईला गेले ते १९६८ साली, अठराव्या वर्षी. आमचा खानापूर तालुका पाण्याचा कोरडा. माण-खटावातून येणारी येरळा पावसाळ्यात दोन-चार दिवस नदी असते, मग नुसती वाळू. इथला माणूस बाहेर जायचा तो दोन वाटांनी: एक तर सोन्या-चांदीच्या गलाईला, पार कलकत्ता-मद्रासपर्यंत, नाही तर मुंबईला गिरणीत. आमच्या घरातले आधी नाना गेले. नाना म्हणजे आबांचे थोरले भाऊ. ते साचाखात्यात कायम होते. त्यांच्या ओळखीने आबा आत शिरले, पण बदलीवर. रोज सकाळी भोंग्याआधी कार्ड घेऊन फाटकावर उभे राहायचे. कुणी कायम कामगार गैरहजर असला तर काम, नाही तर परत खोलीवर. चौदा वर्षे ते असे फाटकावर उभे राहिले. खोली म्हणजे लालबागमधला आमच्या गावकीचा गाळा. त्यात वीस-बावीस माणसे, प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी. रात्रपाळीचा माणूस परतला की दिवसपाळीवाल्याच्या गरम जागेवर आडवा व्हायचा. आबा सांगतात, "बारा-तेरा वर्सं मी आन् नाना एकाच जागंवर निजलो. पर एका वक्ताला न्हाई."

संप सुरू झाला तेव्हा दोघेही बाहेर पडले. पहिले दोन महिने गाळ्यात काढले. मग खानावळवाल्या मावशीचे पैसे थकले. मुंबईत बसून खायचे काय? गाळेच्या गाळे रिकामे झाले. एस. टी. भरभरून माणसे सातारा, सांगली, कोल्हापूर, कोकणात परतली. संप टिकला तो ह्या परतण्यामुळे. गावी कोरडवाहू का होईना रान होते, भाकरी होती, म्हणून माणसे वर्ष-दीड वर्ष तग धरून राहिली. पण त्याच परतण्यात पक्षाचा घात होता. तो कसा, ते पुढे येईलच.

त्या काळातली एक गोष्ट मला वाचताना फार टोचली. संप सुरू झाला त्याच आठवड्यात बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाले. ते सातारा जिल्ह्याचे. फेब्रुवारी १९८३ मध्ये वसंतदादा पाटील आले. ते तर सांगलीचेच. बेचाळीसच्या चळवळीत सांगलीचा तुरुंग फोडून निघालेले. म्हणजे संपकरी आमच्या जिल्ह्यांचे आणि त्यांना दाद न देणारे मुख्यमंत्रीही आमच्याच जिल्ह्यांचे. आबांना ह्याबद्दल विचारले तर ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दादा आमचंच. पर दादांचं कारखानं साखरंचं, आमचं कापडाचं." राज्यशास्त्राच्या पुस्तकात वर्गहिताचे प्रकरण सतरा पानांचे आहे. मी ते दोनदा वाचले होते.

१९८३ च्या उन्हाळ्यात नाना मुंबईला परत गेले आणि कामावर हजर झाले. संप कुणी मागे घेतला नव्हता. तो आजतागायत रीतसर मागे घेतलेला नाही. पण फाटके हळूहळू उघडत होती. पोलीस बंदोबस्तात माणसे आत जात होती. आमच्या धाकट्या आत्या-आजीचे लग्न ठरले होते, डोक्यावर कर्ज होते. नानांच्या मागे कायम नोकरी होती, ती गेली असती. हे सगळे मला आज समजते. आबांना तेव्हा एवढेच दिसले की, ज्या बदल्यांसाठी संप झाला त्यातला एक आपला सख्खा भाऊ आहे हे ठाऊक असून नाना आत गेले. आबा त्या दिवसापासून नानांशी बोलले नाहीत. नाना निवृत्त होऊन गावी आले, वाड्याची वाटणी झाली, मधे भिंत उभी राहिली, तरी नाहीत. लग्नकार्यात एका पंगतीला बसतात, पण "वरण वाढा" हेसुद्धा तिसऱ्याच्या तोंडून.

आबा रोजगार हमीवर खडी फोडत होते. दुष्काळ होताच. आमच्या तालुक्यात कासेगावचे भारत पाटणकर आणि त्यांचे साथी मुक्ती संघर्ष चळवळ उभी करीत होते आणि तिच्यात पुढे उभे राहणारे निम्मेअधिक गिरणीवाले होते, असे आबा सांगतात. काम द्या, मजुरी वेळेवर द्या इथून सुरुवात झाली आणि चर्चा हळूच पुढे सरकली: दुष्काळ देवाने दिला की माणसाने? येरळेतली वाळू ठेकेदार नेतात, नदीतले पाणी खोल जाते, आणि आम्ही तिच्याच काठावर खडी फोडतो, हे कसे? त्यातून बलवडी-तांदूळवाडीचे बळीराजा स्मृती धरण उभे राहिले. लोकांनी आपल्या नदीतली थोडी वाळू आपणच विकून त्या पैशातून बंधारा बांधायचा आणि पाणी जमिनीच्या हिशेबाने नव्हे, तर घरटी समान वाटायचे. ज्याला जमीन नाही त्यालाही. त्या पाण्यावरून सरकारशी बरीच वर्षे झगडा चालला. आबा तिथे दोन महिने पाट्या टाकायला होते. आमचे गाव त्या लाभक्षेत्रात नाही, आबांना त्यातला एक थेंब मिळालेला नाही. "मग कशाला गेलात?" असे विचारले तर म्हणतात, "मुंबईत सभंला बसून बसून बोलाय शिकलो व्हतो. हितं त्ये उपेगाला आलं."

पण ही चळवळ म्हणजे कामगार आघाडी नव्हे. दोघींची माणसे एकच, तरी त्यांची गाठ पडली नाही. आघाडी मुंबईतच राहिली.

आता डिसेंबर १९८४. इंदिरा गांधींची हत्या होऊन दोन महिने झालेले नाहीत. देशभर काँग्रेसची लाट. तिला चारशेहून अधिक जागा मिळाल्या. त्या लाटेत दक्षिण मध्य मुंबईतून डॉक्टर सामंत उभे होते. निवडणूक आयोगाच्या दप्तरात ते अपक्ष आहेत, कामगारांच्या लेखी ते आघाडीचे. आबांचे नाव अजून लालबागच्या यादीत होते. संप सुरू होऊन तीन वर्षे होत आली होती, नोकरी संपली होती, गाळ्यातली ट्रंकसुद्धा गावी आली होती. राहिले होते ते मुंबईत एवढे एक मत. आबांनी ठरवले की ते टाकायला जायचे.

भाड्याला पैसे नव्हते. आजीने करडू विकले. ह्या करडाची कथा आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली आहे की, ते कोणत्या रंगाचे होते हेही मला ठाऊक आहे. आबा विट्याहून कराडला, कराडहून रात्रीच्या एस. टी.ने मुंबईला गेले. पहाटे परळला उतरले. गाळ्यात वळकटी टाकायला जागा मागितली. सकाळी शाळेतल्या केंद्रावर रांगेत उभे राहिले. आणि पाहतात तो पुढे सात-आठ माणसे सोडून नाना.

नानांनी मागे वळून पाहिले. आबांनीही पाहिले. रांग पुढे सरकली. मत टाकून बाहेर येताना नाना क्षणभर थांबले, असे आबा म्हणतात. बोलावे की काय असा त्यांचा चेहरा होता. आबा भिंतीवरचे कागद वाचायला लागले. त्याच रात्रीच्या गाडीने ते परत फिरले. डॉक्टर निवडून आले ही बातमी त्यांना विट्याच्या स्टँडवर कळली. "लाटंत एकच दगुड हुबा ऱ्हायला," हे सांगताना आबांचे डोळे आजही चमकतात.

त्यानंतरचा पक्षाचा इतिहास मला थोडक्यात आटोपावा लागतो, कारण तो खरोखरच थोडका आहे. डॉक्टर खासदार झाले, पण १९४६ चा कायदा तसाच राहिला. १९८९ च्या निवडणुकीत ती जागा शिवसेनेकडे गेली. गिरण्या एकेक करून बंद पडत होत्या. १९९१ च्या नियमांनी गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट मोकळी केली. १६ जानेवारी १९९७ ला पवईला घराजवळ डॉक्टरांवर गोळ्या झाडून त्यांचा खून झाला. त्या खटल्यात छोटा राजनची २०२३ मध्ये निर्दोष सुटका झाली. आघाडीचे नाव त्यांच्या घरच्यांनी पुढे चालवले, पण तिला पहिले दिवस पुन्हा दिसले नाहीत.

असे का झाले, ह्याचे उत्तर सरांना माझ्या निबंधात हवे होते. पक्ष एका माणसाभोवती होता, हे उत्तर कुणीही देईल आणि ते खोटेही नाही. पण मला ते आबांच्या मतदार यादीत सापडले. पुढच्या निवडणुकीच्या वेळी त्यांचे नाव मुंबईच्या यादीतून निघून गावच्या यादीत आले. गावच्या बूथवर कामगार आघाडीची चिठ्ठी कधी कुणी वाटली नाही. डॉक्टरांना मानणारी माणसे खानापूर, आटपाडी, माण, खटाव, पाटण, जावळीत विखुरली होती आणि पक्ष त्यांना परळ-लालबागमध्ये शोधत होता. इंग्लंडातला खाणकामगार खाणीपाशीच राहायचा, तिथेच मत टाकायचा. शेट्टींचा ऊस उत्पादक शिरोळ-वाळव्यातच असतो. म्हणून २००९ आणि २०१४ मध्ये हातकणंगल्यातून त्यांना दिल्ली दिसली. (पुढे दोनदा दिसली नाही, हे माझ्या वाळव्याच्या मित्राने प्रामाणिकपणे लिहिले आहे.) आमचा कामगार मात्र पोटासाठी एकीकडे आणि मुळाने दुसरीकडे.

निबंध इथे संपला असता. पण सर म्हणाले, "कामावर परत गेलेल्यांचे काय? त्यांची बाजू कुठे आहे?" म्हणून मी नानांकडे गेले. मधल्या भिंतीला दार नाही. बाहेरून, गल्लीला वळसा घालून जावे लागते.

नानांकडे मी पूर्वी एकदाच कामाला बसले होते. गिरणी कामगारांच्या घरांसाठी कागदपत्रे पुन्हा मागितली तेव्हा दोन्ही घरचे अर्ज मीच भरले. २०१२ च्या पहिल्या सोडतीत ६९२५ घरे निघाली होती आणि अर्ज लाखाच्या वर. आमच्याकडे कुणाचाच नंबर लागलेला नाही. त्या अर्जात एक अट आहे: १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर हजेरीपटावर नाव हवे. म्हणजे संपाच्या सतरा दिवस आधीची तारीख. सरकारच्या लेखी कोण आत गेला आणि कोण बाहेर राहिला ह्याला काही अर्थ नाही. दोघे भाऊ एकाच रांगेत आहेत.

नाना आता कमी ऐकतात. मी मोठ्याने विचारले, "नाना, चौऱ्याऐंशीला तुम्ही मत कुणाला दिलं होतं?" खरे म्हणजे असे विचारू नये. पण त्यांनी लगेच उत्तर दिले, जणू चाळीस वर्षे कुणी विचारील म्हणून वाट पाहत होते.

"डॉक्टरास्नीच की. दुसऱ्या कुणाला देणार? कामाला गेलो म्हनून काय डोस्कं गहाण टाकलं व्हतं? पाळी सुटल्यावर तसाच गेलतो रांगंत." मग थोडे थांबून, "तुझा आबा बी व्हता. वाळला व्हता लई."

परत येऊन मी आजीला हे सांगितले. आजी जोंधळे निवडत होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "करडाचं कितीसं आलं आसंल? मुंबईला जाऊन येन्याचं भाडं निघतंय व्हय त्यात? म्हातारीच्या डब्यातलं घेतलं मी. नाना धाडायचं दर म्हैन्याला म्हातारीच्या नावावर."

म्हातारी म्हणजे आबा-नानांची आई. तिच्या डब्यातले पैसे म्हणजे नानांच्या मनिऑर्डरीचे; संप मोडून मिळवलेल्या पगाराचे. ते घेऊन आबा संपाच्या पुढाऱ्याला मत द्यायला गेले आणि पुढे उभ्या असलेल्या नानांनीही तेच मत दिले. चाळीस वर्षे हे आजीला ठाऊक होते. मी विचारले, "मग सांगितलं का नाहीस कधी?" ती म्हणाली, "कुनाला सांगू? ऐकलं आसतं का त्यांनी?"

सरांनी निबंधाला बरे गुण दिले. त्यात नानांचे मत आणि आजीचा डबा मी लिहिला नव्हता. अभ्यासाच्या कागदावर तो घरचा पसारा नको वाटला. वार्षिक अंकासाठी लिहिताना मात्र तो गाळता आला नाही.

आबांच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, दुसऱ्याचे व्हायचे आहे. बारीक टाइप त्यांना दिसत नाही. अंक आला की पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवायचा, असे त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतले आहे. संध्याकाळी सोप्यात बसून वाचायचा, असे ठरले आहे. नाना त्या वेळी पलीकडच्या अंगणात बाज टाकून बसलेले असतात. पण त्यांना कमी ऐकू येते, म्हणजे मला चांगलेच मोठ्याने वाचावे लागेल.